एक एक्स जादा

गप्प राहण्यात हनुमानचा फायदाच होता. चितेगावच्या कंपनीतले दोस्त चिडवणार नव्हते, माय त्याला वाघच समजत राहणार होती, आणि मूल नसल्याचा ठपका सहा वर्षांपासून जिच्या माथी होता, त्या बायकोच्या, ज्ञानेश्वरीच्या माथीच राहणार होता. त्यात आज पुंजाराममामा मुकुंदवाडीच्या घरी दुसरी सोयरीक घेऊन आला होता.

रिपोर्ट आठवडाभर हनुमानच्या डब्याच्या पिशवीत फिरत होता. पुरुषाच्या पेशीत एक एक्स नि एक वाय गुणसूत्र असतं. याच्यात जन्मापासून एक एक्स जादा. डॉक्टर म्हणाले होते, "असे पुष्कळ असतात. मूल होईना म्हणून तपासलं की कळतं. औषधानं ताकद, हाडं सांभाळता येतील. पुरुष तुम्ही आहातच." हे शेवटचं हनुमानने दोनदा म्हणवून घेतलं. शेजारी बसलेली ज्ञानेश्वरी बाहेर आल्यावर एवढंच बोलली, "घरी तुम्हीच सांगा."

मामा पोरीचं कौतुक करत होता. हनुमान उठला, गाडीची हवा बघून आला, बसला, परत उठला.

"मुंग्या चावायल्या का रं?" मामा म्हणाला. "लगीन म्हणलं की नाचायलंय बेनं!"

हनुमानची माय, आक्काबाई, खुदकन हसली. चाळीस वर्षं मेंढरं राखलेली बाई.

ज्ञानेश्वरीने चहा पुढे ठेवला. "आत्याबाई, कळपातल्या मेंढ्या गाभ नाय राहिल्या तर तुमी काय करायच्या?"

"मेंढा बदलायचा. इचारायचं काय त्यात?" आक्काबाई फटकन बोलली, आणि बशी ओठाशीच थांबली.

हनुमान दारात पोचला होता, एका पायात चप्पल. तसाच वळला. "माय, तिच्यात काय नाय. माझ्यात हाय. जन्मापासून एक एक्स जादा." त्याने रिपोर्ट काढून दिला.

मामाने चष्मा लावून त्यावरचं नाव तेवढं वाचलं. "एक जादा हाय म्हणतो. मंग कमी काय पडलं?" कुणी हसलं नाही. मामा जायला उठला.

"दुखतंय का रं कुठं?" आक्काबाईने विचारलं.

"नाय."

मग ती सुनेकडे न बघता म्हणाली, "ते रविवारचे उपास सोड आता."

हनुमानला हे फार महाग पडलं नाही. थोडा घाम गेला. मामाची सोयरीक गेली. आक्काबाईला चहा गार प्यावा लागला. ज्ञानेश्वरीचे गेले तीनशेवर उपास, दोन दुखऱ्या तपासण्या, आणि गल्लीतली नऊ बारशी, जिथं तिला कुणी बोलावलं नाही. ते कुणी भरून दिलं नाही. तिनेही मागितलं नाही, अजून.