भिजवलेल्या विटा

परसात शेकोटीसाठी विटांचं गोल आळं करायचं आणि थंडीत त्याभोवती शेकत बसायचं, ही कल्पना जावयाची. हात मात्र शिवशिवत होते सासऱ्यांचे. पन्नास वर्षं गवंडीकाम केलेला माणूस गेले पाच महिने लेकीच्या घरी खुर्चीत बसून होता. हातात कधी चहा, कधी पेपर, कधी रिमोट. थापी तेवढी नाही.

थापी लेकीनं माळ्यावर टाकली होती, आणि त्याला कारणही तसंच होतं. गवंडीबुवा परांचीवरून पडले होते. खाली वाळूचा ढीग होता म्हणून खांद्यावर निभावलं. चक्कर पडण्याच्या आधी चार महिन्यांपासून येत होती, हे डॉक्टरांनी खोदून खोदून विचारलं तेव्हा कुठे त्यांच्या तोंडून बाहेर पडलं. लेकीला ते डॉक्टरांकडून कळलं. त्या दिवशी तिनं बापाची सगळी हत्यारं गोळा करून माळ्याला कुलूप घातलं आणि वर एकदा ते ओढून पाहिलं.

"हे एकच काम," आता थापी काढून देत ती म्हणाली, "तेसुद्धा जमिनीवरचं आहे म्हणून. काही गडबड झाली तर पुन्हा विषय काढायचा नाही."

"जमिनीवरून माणूस पडणार कुठे?"

तिला हसू आलं नाही. बुवांनाही फार आलं नाही. हे काम नीट झालं तर मागची भिंत आहे, स्वयंपाकघराच्या पायऱ्या आहेत, मोरीचा कट्टा आहे, असा हिशेब त्यांनी मनात कधीच मांडून ठेवला होता. या घरात त्यांना सगळं मिळत होतं, फक्त काम मिळत नव्हतं. पाहुणा म्हणून मरायचं त्यांच्या जिवावर आलं होतं.

जावई औषधाच्या दुकानात कामाला. काडेपेटीवर काही लिहिलेलं असेल तर तेही वाचून मग काडी ओढणारा माणूस. त्यानं चार पानी सूचना छापून आणल्या होत्या. शनिवारी सकाळी त्यानं वीतभर खोल खड्डा खणला, तळाला खडी पसरली आणि पानं हातात घेऊन उभा राहिला.

"बाबा, यात सिमेंट-वाळूचा माल लावायचा नाही. विटा नुसत्या एकावर एक ठेवायच्या, मध्ये हवेला फटी सोडून."

"माल नाही? मग याला बांधकाम कशाला म्हणायचं? ही तर रचारची झाली."

"आणि विटा पूर्ण कोरड्या हव्यात. हे ठळक अक्षरात आहे."

"कोरडी वीट लावणारा गवंडी अजून जन्माला यायचाय, जावईबापू! वीट आधी पाण्यात बुडवायची. पोटभर पाणी पिऊ द्यायचं. नाहीतर ती मालातलं पाणी ओढून घेते आणि सांधा कच्चा राहतो."

"पण इथे माल तर नाहीच आहे."

 अडलं की बुवा वय पुढे करत. "तुम्ही पाळण्यात होता ना, तेव्हा मी विटा भिजवत होतो."

जावई नाकासमोर चालणारा, वाद घालणं त्याच्या स्वभावात नाही. "बरं बाबा. पण कोरड्याच लावा हं," एवढंच तो म्हणाला, आणि बुवांनी "हो, हो" करून विषय संपवला.

दुपारी घर रिकामं झालं. बुवांनी नळाखालचा ड्रम भरला आणि एकेक वीट आत सोडली. विटेतून बुडबुडे येतात, ते थांबले की वीट प्यायली असं समजायचं. ओणवं राहून ते बुडबुडे बघत बसले. इतकं बरं त्यांना पाच महिन्यांत वाटलं नव्हतं. शंभर विटा झाल्या. संध्याकाळच्या आत त्यांनी सगळ्या भिंतीच्या आडोशाला रचून ठेवल्या.

रविवारी सकाळपर्यंत विटा वरून कोरड्या दिसत होत्या. जावयाची दुपारपर्यंत दुकानात पाळी होती, लेक स्वयंपाकघरात. बुवांनी मधोमध खुंटी ठोकली, तिला दोरी बांधली आणि दोरीच्या टोकानं गोल आखला. पहिला थर बसला. दुसऱ्या थराची वीट खालच्या दोन विटांच्या बरोबर मध्यावर. हात काही विसरले नव्हते.

तिसऱ्या थराला परस तिरकं झालं. बुवांनी ड्रमचा काठ धरला, डोळे मिटले, आणि उघडल्यावर आधी स्वयंपाकघराच्या खिडकीकडे पाहिलं. खिडकीत कोणी नव्हतं. थोड्या वेळानं पुन्हा तसंच झालं. तेव्हा ते उपड्या बादलीवर बसले आणि मुद्दाम एक वीट हातात घेऊन तपासल्यासारखं करत राहिले.

जेवायच्या वेळेला आळं तयार होतं. जावई आला, भोवती फिरला, आणि त्यानं खरोखर तोंडात बोट घातलं. "कंपासनं काढल्यासारखं आलंय, बाबा." लेकीनं आत जाऊन तीन खुर्च्या आणल्या. बुवांना तेवढं पुरलं.

दिवस मावळता मावळता जावयानं लाकडं पेटवली. जाळ छान धरला. बुवा पायऱ्यांचा विषय कुठून काढावा याचा विचार करत होते, तेवढ्यात आळ्यात फटाक्यासारखा आवाज झाला. मग आणखी एक. जावई ओरडला आणि त्यानं कपाळ धरलं. बोटांमधून रक्त आलं.

लेकीनं ओढणी त्याच्या भुवईवर दाबली. "डोळा बघू. डोळा उघड आधी!" डोळा वाचला होता. जखम भुवईवर होती, बोटभर लांब. आणखी थोडी खाली असती तर. तिघांनाही तेच दिसत होतं.

मग तिची भीती रागात उतरली. "कुठल्या विटा आणल्यास? स्वस्तातल्या उचलल्यास ना?"

जावयानं पायाशी पडलेला विटेचा तुकडा उचलला होता. त्याच्यावरून त्यानं अंगठा फिरवला. आतली बाजू गडद आणि ओलसर होती. त्यानं एकदा सासऱ्यांकडे पाहिलं.

"हो," तो म्हणाला. "विटाच खराब निघाल्या. मी बघून घ्यायला हव्या होत्या."

 आपल्याला काय करायचं आहे हे बुवांना समजत होतं आणि ते होत नव्हतं. माल नसेल तर वीट भिजवायची कशाला? हे अडाणी पोरसुद्धा विचारेल. आपल्याला विचारलंही होतं. पन्नास वर्षं दुसऱ्यांना ज्याचं कारण शिकवलं, त्याचं कारणच आपण विसरलो होतो, आणि हात आपले करत राहिले. आता गप्प राहिलं तर पायऱ्या मिळतील, भिंत मिळेल. लेक नवऱ्याला बोलतच होती आणि तो भला माणूस कपाळ धरून ऐकत होता. हे काही बुवांना बघवेना.

"विटा चांगल्या आहेत," ते म्हणाले. "मी भिजवल्या. काल, तुम्ही दोघं नसताना. जावईबापूंनी नको म्हणून सांगितलं होतं. त्यातल्या पाण्याची वाफ झाली. चूक माझी आहे."

लेक वळून त्यांच्याकडे बघत राहिली. बुवांनी थापी कमरेची काढून तिच्यापुढे धरली. तिनं ती घेतली नाही.

"तुम्ही पडलात याचा मला राग नव्हता, बाबा," ती म्हणाली. "कोणीही पडतं. तुम्ही सांगत नाही, याचा राग होता. आईलासुद्धा तुम्ही कधी काही सांगितलं नाहीत." ती एक पाऊल पुढे आली. "आज चक्कर आली होती?"

'नाही' हा शब्द बुवांच्या ओठांवर तयार होता. आयुष्यभर तो तिथे तयारच असायचा.

"दोनदा," ते म्हणाले. "तिसऱ्या थराला. मी आधी खिडकीत तू आहेस का ते बघितलं, मग बसलो."

तिनं डोळे पुसले. नवऱ्याच्या भुवईवरची ओढणी उचलून रक्त थांबलंय का पाहिलं, आणि मग बापाशेजारच्या खुर्चीत बसली.

"किती दिवस लागतील विटा वाळायला?"

"मला नाही माहीत," बुवा म्हणाले आणि जावयाकडे वळले. "तुम्ही सांगा. तुम्ही वाचलंय."

"चांगलं ऊन पडलं तर दोनेक आठवडे," जावई म्हणाला. "घाई नको."

"उद्या आधी डॉक्टरांकडे," लेक म्हणाली. "त्यांनी हो म्हटलं, तर सगळ्या विटा काढा, वाळवा आणि पुन्हा लावा. मी घरात असतानाच लावायच्या. आणि चक्कर आली तर खिडकीकडे बघायचं नाही, हाक मारायची."

"हाक मारीन," बुवा म्हणाले.