माझ्या खणखणाटाला भुललेली अस्वलीण

मित्रांनो, आधी नाक दाबा आणि मग माझ्याजवळ बसा. फिनलंडच्या उत्तरेकडच्या रानात, एका गोठ्यामागे पालथी पडलेली मी जुनी पत्र्याची बादली आहे. माझ्या अंगाला अजून माशांच्या डोक्यांचा वास येतो. मला माझीच किळस येते, आणि ती काही नुसत्या वासाची नाही.

मला घडवलं तेव्हा मी अशी नव्हते. गावच्या पत्रेवाल्याने मला ठोकून ठोकून आकार दिला आणि सायमीबाईंनी दुधासाठी घेतलं. त्या मला कढत पाण्याने घासायच्या, उन्हात कुंपणाच्या खुंटावर घालायच्या. कुणी पाण्यासाठी उचललं तर म्हणायच्या, "ठेव ती. दुधाची आहे." केवढा तोरा होता मला! पुढे सायमीबाईंचे गुडघे दुखायला लागले, गाई गेल्या, आणि मी कोळिष्टकांत पडून राहिले.

मग त्यांच्या मुलाने, एस्कोने, पाहुण्यांना रान दाखवायचं काम सुरू केलं. हिवाळ्यात बर्फावरची सफर, वसंतात पक्षी, पानं रंगली की पायी भटकंती. पण खरी गर्दी उन्हाळ्यात, अस्वलं बघायला. दलदलीच्या काठी त्याने लाकडी खोपटं बांधलं, त्याला कॅमेऱ्यापुरत्या फटी ठेवल्या, आणि अस्वलं जवळ यावीत म्हणून मला बाहेर काढलं.

शी! काय काय नाही भरलं माझ्यात. माशांची डोकी, डुकराची आतडी, तीही चार दिवस उन्हात ठेवलेली. अळ्या माझ्या काठावरून वळवळत बाहेर पडायच्या. एस्कोची थोरली बहीण रौनी रोज संध्याकाळी पाच वाजता मला दलदलीपाशी न्यायची, तोंड फिरवून रिकामी करायची आणि माझी कडी दोनदा आपटायची. खण्ण, खण्ण. मग झाडांतून एक तुटक्या कानाची अस्वलीण यायची.

पहिल्या वर्षी ती तासभर लांबच घुटमळायची. तिसऱ्या वर्षी कडी वाजली की धावत यायची. एस्को माझ्यावर थाप मारून पाहुण्यांना सांगायचा, "ही आमची जेवणाची घंटा." तेव्हा मी फुशारले होते. आता त्याच थापेची किळस येते. ते रानचं जनावर स्वतःचं अन्न शोधायचं विसरलं होतं. दुपारपासून लाळ गाळत काठावर बसून राहायचं.

सायमीबाईंना हे मुळीच पटत नव्हतं.

"आम्ही रानात तिचं नावसुद्धा घेत नव्हतो रे," त्या म्हणाल्या. "मधाच्या पंज्यांची म्हणायचो. नाव ऐकून येईल म्हणून. आणि तू बादली बडवून बोलावतोस?"

"तुझं आपलं काहीतरीच, आई. नाव घेतल्याने कुणी येतं होय?"

"नावाने नसेल येत. तुझ्या घाणीने येतेय ना?"

ऑगस्टात सायमीबाई काठी टेकत घरामागे ब्लूबेरी तोडायला गेल्या. हातात छोटी पत्र्याची बादली. तिची कडी वाजली मात्र, दहा पावलांवर अस्वलीण हजर. गुरगुरली नाही. नाक वर करून जेवणाची वाट बघत बसली. सायमीबाईंनी बादली खाली ठेवली आणि तिच्याकडे पाठ न करता एकेक पाऊल मागे सरकत घर गाठलं. ती कुंपणापर्यंत त्यांच्यामागे आली.

दुसऱ्या दिवशी पोलीस सांगून गेले की पुन्हा घराजवळ आली तर तिला गोळी घालावी लागेल. आणि दिवस तर ब्लूबेरीचे. घराघरांतली माणसं बादल्या घेऊन रानात निघालेली. प्रत्येक कडी तिला हाक मारणार होती, आणि ती सवय तिला माझ्याच आवाजाने लावली होती.

"मासे आजपासून बंद," रौनी म्हणाली.

"आणि पाहुणे? एवढ्या लांबून येतात ते, ताई."

"नुसतं बंद करून भागायचं नाही, एस्को. तिला कडीची धास्ती बसायला हवी. बंदुकीत रबरी गोळ्या भर आणि शेजारची कुत्री घेऊन ये."

"तीन वर्षं तूच भरवलंस तिला. जमेल तुला?"

"नाही जमणार. तरी कडी मीच वाजवणार. ती माझ्या भरवशावर येते."

त्या संध्याकाळी मी रिकामीच होते. खण्ण, खण्ण. ती आली, नेहमीसारखी दुडक्या चालीने, सरळ माझ्या आवाजाच्या रोखाने. झुडपामागून कुत्री भुंकत उठली. एस्कोने बार काढला. रबरी गोळी तिच्या मांडीवर बसली आणि ती कळवळली. पळायच्या आधी तिने एकदा रौनीकडे बघितलं. रौनी कडी वाजवतच होती, डोळ्यांतून पाणी गळत होतं. "नीघ, भवाने," ती म्हणत होती, "चालती हो इथून." एवढी शिसारी मला त्या आतड्यांचीही आली नव्हती. मीच विश्वासाने बोलावलं होतं आणि मीच तिला मार खायला लावलं होतं.

दुसऱ्या दिवशीही ती आली. पुन्हा तेच झालं. तिसऱ्या दिवशी कडी वाजली तेव्हा ती दलदलीच्या पलीकडे उभी होती. कान टवकारून तिने ऐकलं, गर्रकन वळली आणि जीव घेऊन झाडांत पळाली. रौनीने कडी सोडून दिली. "सुटली बाई," म्हणाली.

आता खोपटात बसून अस्वल दिसत नाही. रौनी पाहुण्यांना ओल्या मातीतले ठसे दाखवते, उकरलेलं मुंग्यांचं वारूळ दाखवते. परवा एक पाहुणा करवादला, "एवढ्या लांबून येऊन हे वारूळ बघायचं?"

"तिने स्वतः उकरलंय, साहेब," रौनी म्हणाली. "तीन वर्षांत पहिल्यांदा."

मित्रांनो, मला घासू नका, पुसू नका, माझं काही म्हणणं नाही. फक्त रानात जाल तेव्हा जनावराला खाऊ दाखवून जवळ बोलावू नका. तुम्हाला बघून ते पळालं तर हिरमुसू नका. माझा आवाज ऐकून ती पळाली, म्हणून आज जिवंत आहे.