वासाचा रकाना

"मावशी कुठायत?" नाकसाहेबांनी तिसऱ्यांदा विचारलं.

"कितीदा सांगू? मॅडमनी तिला मागच्या गोदामात पाठवलंय," मिस्त्री म्हणाला. "पाहुण्यांसमोर झाडू-बादली नको म्हणाल्या. तुम्हाला तिचं काय एवढं पडलंय? फरशी चकाचक आहे की!"

फरशीचं नाकसाहेबांना काहीच पडलेलं नव्हतं. त्यांना मावशीचा चेहरा हवा होता. आणि तो मागच्या गोदामात होता.

हा कारखाना पूर्वी व्हिनेगरचा होता. मग जुन्या मालकांची मुलगी शिकून आली आणि व्हिनेगर बंद झालं. यापुढचा जमाना जिवाणूंचा आहे, असं या नव्या मॅडमनी सगळ्यांना एकत्र बोलावून सांगितलं. सरबताच्या कारखान्यातून फळांच्या साली आणायच्या, त्यांचा रस जिवाणूंना खाऊ घालायचा, आणि खाऊन खाऊन त्यांच्या अंगात जे प्लॅस्टिकसारखे दाणे साठतात त्यांच्या पिशव्या करायच्या. मातीत टाकल्या की विरघळणाऱ्या. हा उद्याचा धंदा आहे असं एका वर्तमानपत्रानेही छापलं. ते कात्रण मॅडमच्या खोलीत फ्रेम करून लावलेलं होतं आणि त्याच्या बरोबर खाली एक बादली ठेवलेली होती, कारण तिथे छत गळायचं.

धंदा उद्याचा असला तरी जिवाणू आजचे होते, आणि भलतेच नाजूक. आधी ते लहान टाकीत वाढवायचे. कामगार त्याला विरजण म्हणत. ते नीट झालं की दहा हजार लिटरच्या मोठ्या टाकीत सोडायचं. त्या विरजणात एखादा उपरा जंतू शिरला असेल तर मोठी टाकी अख्खी नासते. प्रयोगशाळेला तो जंतू पकडायला दोन दिवस लागत. नाकसाहेबांना एक श्वास लागायचा. म्हणून रजिस्टरमध्ये वेळ, तापमान, आम्लता यांच्यानंतर शेवटचा बोटभर रुंदीचा रकाना होता : ‘वास’. त्यात नाकसाहेबांनी ‘ठीक’ लिहून सही केल्याशिवाय मिस्त्री मोठ्या टाकीच्या चावीला हात लावत नसे. सहा वर्षांत चार वेळा त्यांनी सही नाकारली होती, आणि चारही वेळा दोन दिवसांनी प्रयोगशाळेने मान डोलावली होती. तेव्हापासून त्यांचं खरं नाव फक्त पगाराच्या पाकिटावर उरलं होतं.

सात आठवड्यांपूर्वी त्यांना तीन दिवस ताप आला. तो गेला तो वास घेऊन गेला.

आधी त्यांना सर्दी वाटली. मग त्यांनी साबण हुंगला, रॉकेल हुंगलं, शेवटी फिनेलच्या बाटलीत नाक घातलं. फिनेल पाण्यासारखं वागलं. डॉक्टर म्हणाले, "येईल परत. कदाचित." त्या ‘कदाचित’वर नाकसाहेब दिवस ढकलत होते. त्रेपन्नाव्या वर्षी, वास न येणारं नाक घेऊन माणसाने कुणाच्या दारात उभं राहायचं?

बरे होऊन कामावर आले त्या पहिल्याच सकाळी ते लहान टाकीची हवा बाहेर सोडणाऱ्या नळीपाशी उभे होते. शेजारी फरशी पुसणारी मावशी सहज म्हणाली, "आज छान वास येतोय, नाही?" नाकसाहेबांनी ‘ठीक’ लिहिलं. दुसऱ्या दिवसापासून बरोबर त्याच वेळी त्यांना नळीखालची फरशी घाण दिसू लागली. "मावशी, इथे जरा पुसा." मावशी वाकायची, पुसायची, आणि नाकसाहेब तिच्या भुवयांकडे डोळ्यांत तेल घालून बघायचे. भुवया जागच्या जागी असल्या की ‘ठीक’. माणूस स्वच्छतेच्या बाबतीत जरा वेडसर आहे, एवढंच मावशीला वाटायचं.

सात आठवड्यांत काहीही बिघडलं नाही. त्याचीच त्यांना सगळ्यात जास्त भीती वाटत होती. रात्री झोपण्यापूर्वी ते तीनदा उठून गॅसचं बटण बघत. बायकोला त्यांनी सांगितलं नव्हतं.

पाहुणे तिघे होते. फळं-भाज्या विकणाऱ्या मोठ्या कंपनीचे. एक उंच गृहस्थ वहीत लिहीत होते, एक बाई डोक्यावरून घसरणारं हेल्मेट सावरत होत्या आणि तिसरे नुसते मान हलवत होते. त्यांनी वर्षभराच्या पिशव्या घ्यायचं ठरवलं तर कारखाना तरणार होता. नाही घेतल्या तर काय, हे मॅडम सोडून सगळे उघड बोलत होते.

"आणि हे आमचे नाकसाहेब!" मॅडम म्हणाल्या. "आमचं सगळ्यात अचूक यंत्र. वीजसुद्धा लागत नाही."

सगळे हसले. नाकसाहेबही हसले.

त्यांनी नळीची तोटी फिरवली. वरच्या ओठाला गरम, दमट हवा लागली. बस्स, एवढंच. त्यांनी आजूबाजूचे चेहरे बघितले. तिन्ही पाहुण्यांनी नाकाला रुमाल लावले होते, पण नवखा माणूस चांगल्या विरजणालाही रुमाल लावतो. मॅडम पाहुण्यांचे रुमाल बघण्यात गुंतल्या होत्या. मिस्त्री वीस पावलांवर चावीवर हात ठेवून उभा होता, आणि तंबाखूशिवाय त्याला कशाचाच वास कधी आलेला नव्हता.

नाकसाहेबांनी रजिस्टर उघडलं. ‘ठी’ लिहून झाला. ‘क’ काढायला पेन पुढे सरकेना.

"मॅडम, मावशीला बोलवा."

"आत्ता? कशाला?"

"मला वास येत नाही."

"वास नाही म्हणजे चांगलंच की!"

"वास असेल. मला येत नाही. सात आठवडे झाले."

मिस्त्रीने ऐकलं नसेल असं वाटलं, पण त्याने चावीवरचा हात तापलेल्या तव्यावरून उचलावा तसा उचलला.

"मग सात आठवडे वास कोण घेत होतं?" उंच पाहुण्यांनी विचारलं.

"मावशी."

"त्यांना हे माहीत आहे?"

"नाही."

उंच पाहुण्यांनी बराच वेळ वहीत काहीतरी लिहिलं.

मावशी पदराला हात पुसत, धावत आली. इतकी माणसं बघून तिचा चेहरा उतरला. "मी काही घेतलेलं नाही हो मॅडम! गोदामाला कुलूप होतं."

"तुमच्यावर कुणाचा आळ नाही, मावशी," नाकसाहेब म्हणाले. "फक्त या नळीशी वास घ्या."

मावशीने घेतला. मग एकेकाकडे बघितलं. "खरं सांगू?"

"खरंच सांगा."

"तीन दिवस न वाळलेल्या फडक्यासारखा येतोय. रोज असा नसतो."

मॅडमनी डोळे मिटले. "ओतून टाका," त्या मिस्त्रीला म्हणाल्या. लहान टाकी सांडपाण्यात रिकामी झाली. पाहुण्यांनी घड्याळं बघितली, चहा नको म्हणाले आणि "कळवतो" असं म्हणून गेले.

मॅडमनी नाकसाहेबांना खोलीत बोलावलं. "चाळीस माणसं आहेत इथे. एकदा जरी चुकलं असतं तर?"

"हो."

"मला सांगायचं होतंत!"

"सांगितलं असतं तर काय केलं असतंत?"

मॅडमनी कात्रणाखालची बादली पायाने जरा सरकवली.

संध्याकाळी नाकसाहेबांनी बायकोला सगळं सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. हात थांबले नाहीत.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "महिन्यापूर्वी दूध करपलं. घरभर करपट वास. तुम्ही शेजारच्या खोलीत पेपर वाचत बसलात."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलत नव्हतात म्हणून. तुम्ही तीनदा गॅस बघता ना? चौथ्यांदा मी बघते."

दोन दिवसांनी प्रयोगशाळेचा कागद आला : उपरा जंतू, भरपूर. त्याच आठवड्यात पाहुण्यांचंही पत्र आलं. रस आहे, पण वास ओळखणारं यंत्र बसवल्यावरच पुढचं बोलू. यंत्र यायला सहा महिने लागणार होते. तोवर वास मावशी घेणार आणि नाकसाहेब तापमान लिहिणार, असं मॅडमनी ठरवलं. "पुढचं पुढे बघू," त्या म्हणाल्या. त्या वाक्याची नाकसाहेबांना फिनेलच्या बाटलीपेक्षा जास्त भीती वाटली.

सकाळी मावशी नळीशी वाकली. झाडू तिने भिंतीला नीट टेकवून ठेवला होता.

"ठीक," ती म्हणाली.

"ठीक म्हणजे कसा? नीट सांगा."

"आता वासाचं काय सांगायचं?" ती लाजली. मग डोळे मिटून पुन्हा श्वास घेतला. "पिकलेल्या सफरचंदासारखा. आणि मागून थोडासा कोऱ्या वहीसारखा."

नाकसाहेबांनीही डोळे मिटले. गरम हवा ओठाला लागली.

"लिहिताय ना?" मावशीने विचारलं.

रकाना बोटभरच होता. त्यात त्यांनी ‘ठीक’ लिहिलं, आणि सहीसाठी पेन मावशीच्या हातात दिलं.