सगळे संदेश पोहोचले

चौकशीच्या अहवालात लिहिलंय, इशाऱ्याचे सगळे संदेश पोहोचले. खोटं नाही ते. एकूण एक पोहोचले, माझ्या फोनवर.

धरणाचे दरवाजे उघडले की नदीकाठच्या प्रत्येक घराला मोबाइलवर इशारा जावा, असं सॉफ्टवेअर आमच्या बीडच्या कंपनीनं बनवलं. चाचणीत लोक उगाच घाबरू नयेत म्हणून सगळे संदेश माझ्याकडे वळवले होते. नाव गावकऱ्याचं, नंबर माझा. चाचणी संपली की खरे नंबर चालू सर्व्हरवर न्यायचे. त्यासाठी मी आणि माझ्या शेजारच्या टेबलावरच्या इरशादनं छोटा प्रोग्राम लिहून ठेवला होता. एक कमांड दिली की सगळी सेटिंग तपासून पलीकडे नेतो, काही चुकलं तर तिथंच अडतो. चहा निवायच्या आत होणारं काम.

पण पासवर्ड आमच्या वरिष्ठ शिवशंकर साहेबांकडे. वर 'सुरू झालं' असं कळवायचं होतं म्हणून त्यांनी सॉफ्टवेअर तेवढं बसवून घेतलं. खरे नंबर अडवून ठेवले, संदेश माझ्याकडेच वळलेले राहिले.

"पितृपक्ष चालू हाय, स्वप्ना. पक्षात शुभ काम करतेत का कुणी? घटस्थापनेला पाहुण्याच्या हातानं बटण दाबू."

"साहेब, पाण्याला पक्ष कळतो का?"

"लई शहाणी हायस. जा, काम कर."

इरशाद गप्प राहिला. तो बोलला असता तर साहेबांनी त्याचा भलताच अर्थ काढला असता, हे त्याला माहीत होतं. मलाही माहीत होतं, आणि त्याचा संताप आजही येतो.

त्या पंधरवड्यात पाऊस थांबायचं नाव घेईना. एका दुपारी साहेब कुणाकडे तरी म्हाळाचं जेवायला गेले होते. मी डबा उघडला आणि फोन थरथरायला लागला. 'धुळाजी, धरणाचे दरवाजे उघडले आहेत. नदीकाठ ताबडतोब सोडा.' मग 'सावित्रीबाई, धरणाचे दरवाजे...' माझंच गाव, एकेक नावानं. धुळाजी माझे मामा, सावित्रीबाई मामी. दोघं नदीकाठी मेंढरं राखायचे.

मी मामाचा नंबर लावायला गेले. संदेशांवर संदेश आदळत होते, फोन जागीच अडकला. नंबर पाठ कुणाला असतात? अडवून ठेवलेल्या खऱ्या नंबरांच्या यादीतून शोधून काढले, इरशादच्या फोनवरून मामीला लावला. नुसती रिंग वाजत राहिली. मग मामाला लावला. मामा मीठ घ्यायला गावात गेले होते. माझं पुरतं ऐकूनही न घेता ते पळत सुटले. इरशाद आणि मी यादीतला एकेक नंबर लावत राहिलो.

मेंढरं गेली. त्यांना वर काढायला गेलेली मामीही गेली.

घटस्थापनेला साहेबांनी पाहुण्याच्या हातानं बटण दाबून घेतलं. हार झाले, पेढे झाले. त्याच हप्त्यात मला नोटीस आली: इशारा मिळूनही आपण तो संबंधितांना वेळेत कळवला नाही. खाली साहेबांची सही. त्या सहीवर थुंकावंसं वाटलं मला.

नोटिशीचं सोडा. मामाकडे जायचं बाकी होतं. ते मेंढरं कोंडायच्या रिकाम्या वाघरीपाशी बसले होते, जाळी तशीच खुंट्यांना ताणलेली.

"स्वप्ने, साहेब आलते. म्हनले मेसेज तुला आलता."

"आलता, मामा."

"तिच्या नावाचा बी?"

मी मान हलवली.

"वाचून दाखव बरं. मला वाचता येत न्हाई."

नको म्हणायची हिंमत झाली नाही. फोन काढला, शोधला, वाचला. "सावित्रीबाई, धरणाचे दरवाजे उघडले आहेत. नदीकाठ ताबडतोब सोडा."

मामांनी फोन हातात घेतला.

"किती साफ लिवलंय," ते म्हणाले. "मंग तिला कावून न्हाई धाडला?"