बदल दिसला तर लाल

बेडकापुढे माशी नुसती बसून असेल तर त्याला ती दिसत नाही. हलली, की जीभ बाहेर.

दारावरची पाटी: मेंदूसदृश यंत्रदृष्टी प्रयोगशाळा. खाली खडूने: पाय पुसून या.

"अहो, काही वेगळं वाटतंय का?" सकाळी घरी चहा देताना प्राध्यापकांच्या बायकोने विचारलं.

"हो. चहात साखर जास्त पडलीय."

कॉलेजात आलेलं झेरॉक्सचं नवं यंत्र मोठं आहे. त्याला खोली हवी.

खोली म्हणजे हीच, पाटीवाली. प्राध्यापकांनी इथे तीन वर्षं खपून एक डोळा बनवला होता. मेंदू रोजच्या गोष्टींकडे काणाडोळा करतो आणि नव्यावर झडप घालतो, तसा. ओळखीचं माणूस जसंच्या तसं आलं तर हिरवा दिवा, त्याच्यात काही बदललं असेल तर लाल. आज समितीला पटलं तर खोली राहणार. नाहीतर झेरॉक्स.

समितीचे अध्यक्ष खुर्चीत असे रुतले होते, की डोळ्याने त्यांना फर्निचरमध्ये धरलं.

"ओळखीचं माणूस लागतं, साहेब," प्राध्यापक घाईने म्हणाले. डोळ्याचा सगळा सराव घरी, बायकोवर झाला होता. म्हणून तिलाच बोलावलं होतं.

ती आत आली. लाल.

प्राध्यापकांनी वायर हलवली. लाल. डोळ्याला एक टपली मारली. लाल.

"म्हणजे वहिनींच्यात काही बदल झालाय?" अध्यक्षांनी विचारलं.

प्राध्यापकांनी तिला नखशिखांत न्याहाळलं. "छे! वीस वर्षं रोज बघतोय. होती तशी आहे."

"नक्की?"

"लेखी देतो, साहेब."

"वहिनी, तुम्हीच सांगा."

तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो पुन्हा वायरीत घुसला होता.

"हे म्हणतायत ना," ती म्हणाली, "मग नसेल झाला."

"अगं, नीट सांग! खोलीचा प्रश्न आहे."

"नीटच सांगतेय."

समिती उठली. अध्यक्ष जाता जाता म्हणाले, "झेरॉक्स बरं. समोर असेल ते तरी दाखवतं."

दिवा लालच होता. प्राध्यापक त्याच्यावर खेकसले, "गाढवा, डोळे फुटले का तुझे?"

संध्याकाळपर्यंत पाटी उतरली. खडूची ओळ तेवढी राहू दिली.

आदल्या सोमवारी तिने कमरेपर्यंतचे केस कापून कानापर्यंत आणले होते.