ओळ अकरावी: जॅक

१. हत्यारांची गुंडाळी, खाकी कॅनव्हास.

हर्षलसाहेबांनी डिकीतून गुंडाळी उचलली, नाकाशी नेली आणि खूश होऊन म्हणाले, "वास तोच आहे, पुंजारामभाऊ. साठ वर्षांपूर्वीचा."

पुंजारामही हसला. हसू कसंबसं जमलं. त्याला मात्र दुसराच वास येत होता. ताज्या रंगाचा. डिकीच्या उजव्या कोपऱ्यातून, चामडी पट्ट्यात आवळलेल्या जॅकवरून. रंग सकाळी सहाला मारलेला. आता साडेनऊ वाजले होते, आणि ढगाळ हवेत तो काही केल्या वाळत नव्हता.

गाडी विलायती, उघड्या टपाची, दोनच माणसं बसतील एवढी. साल एकोणीसशे बासष्ट. तिसगावात, पाथर्डीच्या रस्त्याला पुंजारामच्या गॅरेजात ती अडीच वर्षं होती. आज दसरा, म्हणून साहेब मुहूर्तावर न्यायला आले होते. उद्या पुण्यात जुन्या गाड्यांचं प्रदर्शन. तिथले परीक्षक इंजिन नंतर बघतात, आधी डिकी उघडायला लावतात. कंपनीनं दिलेला जॅक, कंपनीनं दिलेली हत्यारं, ठरलेल्या जागी, जशीच्या तशी आहेत का? त्यासाठी एक तक्ता असतो. अकरा ओळी. प्रत्येक ओळीपुढे "मूळ, बदल नाही" असं छापलेलं आणि तळाला कारागिराची सही.

ती सही झाली की साहेबांची दुसरी गाडी पुढच्या आठवड्यात तिसगावात यायची. तसा शब्द होता. शेजारचा गाळा पुंजारामनं धुऊनपुसून ठेवला होता.

२. प्लगचा पाना.

"मूळ," साहेब म्हणाले आणि खूण केली.

३. पक्कड. ४. पेचकस.

"मूळ. मूळ."

५.

पाचवी ओळ पुंजारामला ऐकूच आली नाही. त्याच्या डोळ्यांपुढे कालचा दिवस होता.

काल खंडेनवमी. ट्यूब आणायला नगरला निघताना तो आईला म्हणाला, "पूजेला हत्यारं काढून ठेव." एवढंच म्हणाला. गॅरेजमधली हत्यारं काढ, गाडीतली नको, हे सांगायचं त्याच्या डोक्यातच आलं नाही. गोजरबाईनं दोन्ही काढली. गुंडाळीतली हत्यारं तेलपाणी केलेली, चकचकीत. ती तिनं तशीच मांडली. पण जॅक? कळकट, विटक्या लाल रंगाचा, पोपडे सुटलेला. असला देवापुढं कसा ठेवायचा? तिनं गॅरेजातला तारेचा ब्रश घेतला, विटेचा चुरा घेतला, चिंच घेतली आणि दुपारभर बसून तो समईसारखा उजळवला.

पुंजाराम परत आला तेव्हा जॅक पाटावर मधोमध होता. हळद, कुंकू, झेंडूचं फूल. कंपनीचा रंग नव्हता. बारीक अक्षरांचा छापही नव्हता.

तो आईला एक शब्द बोलला नाही. आज पहाटे उठला, डब्यात लाल आणि तपकिरी कालवला, हात मारला, वरून चुलीची काजळी बोटानं फासली. लांबून बघितलं. जुना दिसत होता.

६, ७. टायरचे दोन लिव्हर.

"मूळ."

८. तांब्याच्या डोक्याचा हातोडा.

साहेब थांबले. हातोडा उजेडात धरला. "हा घासलाय का कुणी?"

"न्हाई साहेब. चाकाचे नट ठोकून ठोकून तसा झालाय. आला तेव्हाच तसा हुता."

हे खरं होतं. खरं बोलतानाही त्याची नजर जॅककडेच गेली.

"चिडू नका हो. परीक्षक विचारतील म्हणून विचारलं. मागच्या वर्षी एकाची गाडी एका नकली पान्यावरून बाहेर काढली. मिस्त्रीचं नाव माइकवरून घेतलं."

"चहा घ्या, सायेब." गोजरबाई कपबशी आणि आपट्याची पानं घेऊन आली. "सोनं घ्या. लई राबला माझा पुंजा ह्या गाडीपायी. बायकू म्हनती, गाडीशीच लगीन लावायचं हुतं."

साहेब हसले, पानं घेतली, वाकून नमस्कार केला. गोजरबाईनं आशीर्वाद दिला आणि सहज डिकीत डोकावली.

"आरं पुंजा, ह्यो परत काळा कसा काय..."

"आये, साखर आन जरा."

"साखर हाय की चहात."

"कमी हाय. आन."

ती गेली नाही. कपाळाला आठी घालून जॅककडे बघत उभी राहिली.

९. ग्रीस गन.

१०. हवा बघायचं मीटर.

साहेब कप बोनेटवर ठेवणार तेवढ्यात त्यांनी स्वतःच स्वतःला आवरलं आणि तो जमिनीवर ठेवला. एवढा जपणारा माणूस. तक्ता पुंजारामच्या हातात दिला, वर पेन दिलं. "तुम्ही सही करून टाका. मी शेवटचा बघतो."

पेन कागदाला टेकलं. पुंजा, पु काढ. एक अक्षर, मग दुसरं. साहेबांचा हात डिकीत शिरला. पट्ट्याकडे. बकल सुटलं. बोटं जॅकच्या दांड्यापासून वीतभर. चार बोटं. दोन

११.

"हात नका लावू!"

रस्त्यावरच्या टेम्पोवाल्यानंही मान वळवली.

"रंग वला हाय," पुंजाराम म्हणाला. "आज पहाटं लावलाय. मूळचा गेला. मी घासला."

साहेब सावकाश सरळ झाले. "तुम्ही?"

"व्हय. मीच."

"कशापायी खोटं बोलतोस रं?" गोजरबाई पुढं सरकली. "सायेब, मी घासला. ही बघा बोटं. दुपारभर घासला, आन ह्यो म्हनतो मी! ह्यानं कधी घरातला तांब्या घासला न्हाई."

"आजी, कशाला घासलात?"

"खंडेनवमी हुती. त्याच्यावरच तर गाडी उचलत्यात ना? मग त्यालाच मळका ठिवायचा?"

साहेबांनी खिशातून रुमाल काढला, कपाळ पुसलं. मग म्हणाले, "थिनर आणा."

पुंजारामनं जॅक पट्ट्यातून काढला, फडक्यावर ठेवला आणि पुसायला बसला. लाल गेला, काजळी गेली, खालून आईनं उजळवलेलं लोखंड वर आलं. तळाशी, ब्रश पोचला नव्हता तिथं, नखाएवढा मूळ रंग शिल्लक होता. त्याला त्यानं थिनर लागू दिलं नाही. जॅक परत जागी ठेवला, पट्टा ओढला, हलवून बघितला. हलला नाही. अकराव्या ओळीवरचं "मूळ, बदल नाही" खोडून शेजारी लिहिलं: खंडेनवमीला पूजेसाठी घासला. नंतर रंगवला, तो पुसला. मग राहिलेली सही पूर्ण केली.

साहेबांनी ते दोनदा वाचलं.

"घासलेला जॅक मी नेला असता, भाऊ. लिहून नेला असता, परीक्षकांना सांगितलं असतं. पण रंगवलात तुम्ही. आता बाकीच्या दहा ओळी वाचतानाही माझ्या मनात येणार."

"त्या खऱ्या हायेत, साहेब."

"असतील."

दुसऱ्या गाडीचं पुंजारामनं विचारलं नाही. साहेबांनी काढलं नाही. गाडी सुरू झाली, अडीच वर्षांत पहिल्यांदा रस्त्यावर चढली आणि करंजी घाटाच्या दिशेनं गेली. आवाज एकदम साफ होता.

"रागावला का त्यो?" गोजरबाईनं विचारलं.

"व्हय."

"माज्यामुळं?"

"न्हाई आये." त्यानं हाताला लागलेला लाल रंग फडक्याला पुसला. "तुज्यामुळं न्हाई."