सकाळच्या उन्हातला माणूस

अपेक्षाचं पत्र येऊन दोन वर्षं झाली होती. तात्यासाहेबांनी ते पुन्हा पुन्हा वाचलं, उत्तर मात्र दिलं नाही. 'सर, तुम्ही देवगाव रंगारीच्या शाळेत चित्रकला शिकवत होता, तेव्हा आमच्या शेताचं तैलचित्र काढलं होतं. आई म्हणते, त्यात बाबा उभे आहेत. ते गेले तेव्हा मी पोटात होते. घरात त्यांचा फोटो नाही. चित्र एकदा दाखवाल का?'

आज फ्रेमवाला मोहियोद्दीन आला, तेव्हा त्यांनी पत्र त्याच्या हाती दिलं.

"दोन साल? कमाल करता सर! देऊन टाका की चित्र."

"चित्र आहे. त्यात तिचे बाबा, धोंडिबा, नाहीत."

चित्र संध्याकाळचं होतं; ज्वारीवर पश्चिमेचं पिवळं ऊन. पण धोंडिबा दुपारीच वाळूजच्या कारखान्यात दुसऱ्या पाळीला निघायचे, म्हणून तात्यासाहेबांनी त्यांना आठ दिवस सकाळी उभं केलं. प्रदर्शनात कुणीतरी हसलं, "शेतात संध्याकाळ अन् माणसावर सकाळ!" घरी येऊन तात्यासाहेबांनी ओले धोंडिबा सुरीने खरवडले, टर्पेंटाइनने पुसले आणि तिथं ज्वारी भरली. पुढच्याच वर्षी धोंडिबा वारले.

"खाली असंल की थोडा आदमी. खरवडून तर बघा."

दोघांनी चित्र खिडकीशी नेलं. वाळलेली ज्वारी कपच्या होऊन गळत गेली. खाली पांढरा कॅनव्हास लागला. मोहियोद्दीनने बोट फिरवलं.

"काहीच नाय राहिलं," तो हळू म्हणाला. मग बोट पुसत, "दुसरा उभा करा सर. तीस सालांनी कोण वळखतंय?"

"तिची आई, द्वारकाबाई ओळखतील."

"चेहरा लई बारीक काढा."

"उभं राहणं ओळखतील, भाई. रोज भाकरी घेऊन त्याच यायच्या तिथं."

मोहियोद्दीनने खाली पडलेल्या कपच्या कागदावर गोळा केल्या आणि तो निघून गेला.

तात्यासाहेबांनी तीन कागद फाडले. चौथ्यावर लिहिलं, 'तुझे बाबा बरोबर उभे होते. चूक माझी होती. मला त्यांच्याभोवती सकाळ काढता आली असती. मी त्यांनाच पुसलं. आईला सांगण्याची हिंमत माझ्यात नाही, तूच सांग.' खाली पूर्ण नाव घातलं, घरचा पत्ता घातला.

कोपऱ्यावरच्या पेटीत पत्र टाकून ते थांबले. पेटी रिकामी असावी. पत्र तळाला लागल्याचा आवाज आला.